चर्चच्या शाळेत नाव घालण्याआधी : आयोवातल्या मराठी पालकांना खुले पत्र

आयोवातल्या छोट्या गावांत राहणाऱ्या मराठी पालकांनो,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी संपत आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय निघतो. तेव्हा कॅथलिक शाळांचा सप्ताह असतो, शाळा पालकांना आत येऊन बघायला बोलावतात, पुढच्या वर्षाची नावनोंदणी सुरू होते आणि कुणीतरी विचारतं, "आमच्या गावातली सेंट अमुकतमुक कशी आहे हो? पब्लिकपेक्षा बरी ना?" मग उत्तरांची रीघ लागते. शिस्त असते. वर्गात मुलं कमी असतात. गणित पुढे असतं. युनिफॉर्म असतो, म्हणजे सकाळी कपड्यांवरून रडारड नाही. आणि आता तर फीसुद्धा सरकार भरतं, मग हरकत काय?

हरकत काहीच नाही. आमची थोरली आठवीपर्यंत गावातल्या कॅथलिक शाळेत होती, धाकटा पहिल्यापासून पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत आहे, आणि दोन्हीकडच्या जिममधल्या घडीच्या खुर्च्यांवर बसून मी भरपूर सभा ऐकल्या आहेत. एकीची बाजू घेऊन दुसरीला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. मला खटकतं ते एवढंच, की आपण हा निर्णय वॉशिंग मशीन घेतल्यासारखा घेतो. चार जणांना विचारायचं, रेटिंग बघायचं, सबसिडी मिळते का ते बघायचं आणि घेऊन टाकायचं. ही शाळा कुणाची, कुणी कशासाठी काढली, आपल्या नावानं सरकारनं तिला दिलेल्या पैशामुळे गावात काय काय हलतं, हे विचारायला कुणाला सवड नसते. ट्रॅक्टरवाल्या डियर कंपनीनं कुणाला पुण्याच्या मगरपट्ट्यातून उचलून वॉटर्लूच्या आसपास आणून ठेवलं, कुणी व्हर्मियर या यंत्रांच्या कंपनीसाठी पेलाला आलं, कुणी डॉक्टर म्हणून काउंटीच्या हॉस्पिटलात. दोन-चार वर्षांत पुढे जायचंच आहे, मग गावाच्या भानगडीत कशाला पडा, असा एक भाव असतो. तोही मला कळतो. पण चार-पाच हजार वस्तीच्या गावात मूल शाळेत घालणं ही फक्त घरातली गोष्ट राहत नाही.

आपल्या डोक्यात कॉन्व्हेंट पक्कं बसलेलं असतं. त्याला कारणही आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंचं मुलींच्या शिक्षणाचं काम पाहून त्यांच्या मनातला मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. मिशनरी शाळेबद्दलचा आदर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आलेला आहे. पण पुण्या-नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गातली बहुतेक मुलं हिंदू, मुसलमान, जैन असतात. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की उरलेल्यांना नीतिशिक्षण. सकाळची प्रार्थना सगळ्यांनी म्हणायची, नाताळात गोठा बघायचा, संपलं. शाळा फादरांची असली तरी वर्ग आपलाच असतो. इथे वर्गही त्यांचाच. आपलं मूल वर्गात एकटं असतं, बऱ्याचदा अख्ख्या शाळेत एकटं.

आठवड्यातून एकदा सकाळी सगळी शाळा रांगेनं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. कम्युनियनच्या, म्हणजे फादर प्रसादाची भाकर देतात त्या, वेळी कॅथलिक नसलेल्या मुलानं दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे जायचं, मग फादर नुसता आशीर्वाद देतात. धर्म हा वेळापत्रकातला विषय असतो, त्याची चाचणी होते, प्रगतिपुस्तकात त्याचीही ग्रेड येते. आमच्या थोरलीला सातही सॅक्रामेंट, म्हणजे चर्चचे संस्कार, तोंडपाठ होती आणि साताऱ्याच्या आजीला ती फोनवर ती अथर्वशीर्षाच्या चालीत म्हणून दाखवायची. आजी खूश. "पाठांतर तरी करून घेतात बाई," एवढंच तिचं म्हणणं. आमचे तेव्हाचे फादर आंध्रचे होते. मिडवेस्टातल्या कितीतरी खेड्यांत आता भारतातून आलेले पाद्री दोन-दोन, तीन-तीन चर्च सांभाळतात, कारण इथली मुलं पाद्री व्हायला तयार नाहीत. कैरीच्या लोणच्याची बरणी नेऊन दिली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि पुढचा अर्धा तास क्रिकेट.

दुसरीचं वर्ष मात्र जड जातं. वर्गातली मुलं वर्षभर पहिल्या कम्युनियनची तयारी करतात. मग वसंतातल्या एका रविवारी मुलींना पांढरे झगे, डोक्यावर जाळीची ओढणी, मुलांना टाय. घरोघरी पाहुणे, अंगणात जेवणं, क्रॉस काढलेले केक. आमच्या मुलीनं मार्चमध्येच विचारलं होतं, "माझा पांढरा झगा कधी आणायचा?" वर्गशिक्षिकेनं आम्हाला आपणहून फोन केला, तिला गाणाऱ्या मुलांत पुढच्या रांगेत उभं केलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण बाई कितीही चांगल्या असल्या तरी ती शाळा ज्या कामासाठी निघाली ते काम त्या दिवशी चाललं होतं आणि आमची मुलगी त्याच्या बाहेर होती. सात वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार आणि कसं सांगणार, ते नवरा-बायकोनं आधी बसून ठरवा. प्रवेशाच्या फॉर्मवर त्याचा रकाना नसतो.

कॅथलिक शाळा निदान बाकीच्यांनाही घेतात. डच गावांची रीत वेगळी. पेला हे १८४७ साली हेन्ड्रिक स्कोल्ट आणि त्यांच्यामागे आलेल्या डच लोकांनी वसवलेलं गाव. तिथूनच १८७० मध्ये काही कुटुंबं वायव्येला जाऊन ऑरेंज सिटी उभं राहिलं. या पट्ट्यातल्या ख्रिश्चन शाळा बहुधा चर्चच्या मालकीच्या नसतात, पालकांच्या सोसायटीच्या असतात. मूल घडवणं हे देवानं आई-बापावर टाकलेलं काम आहे, ते सरकारचंही नाही आणि चर्चचंही नाही, हा त्यांचा जुना विचार. त्यामुळे अशा काही शाळा आई-वडिलांकडून श्रद्धेचं लेखी निवेदन मागतात, पास्टरचं पत्र मागतात. "सही करायला आपलं काय जातंय?" असं आपल्यातल्याच एकानं मला विचारलं. अहो, जातं की. ज्यांनी पोटाला चिमटा काढून पिढ्यान्‌पिढ्या ती शाळा चालवली, त्यांच्यासमोर खोटी सही करून मुलाला आत बसवायचं आणि तिथे त्याला प्रामाणिकपणा शिकवायचा?

या लोकांनी शाळा का काढल्या, ते एकदा नीट पाहा. मला तर वाटतं, इथल्या कुणाहीपेक्षा आपल्याला ते लवकर समजावं. एकोणिसाव्या शतकात इकडे आलेल्या जर्मन, डच, नॉर्वेजियन, चेक शेतकऱ्यांना दोन भीती होत्या : पोरं देव विसरतील आणि पोरं भाषा विसरतील. सरकारी शाळेत बायबल होतं, पण ते प्रोटेस्टंट पद्धतीचं, इंग्रजीतलं. १८८४ साली बाल्टिमोरला भरलेल्या परिषदेत कॅथलिक बिशपांनी फर्मावलं की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींनी, दोन वर्षांत आपली शाळा उभी करायची. जर्मन लुथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी तर चर्चच्या जोडीनंच शाळा बांधायचा पायंडा पाडला होता. १८८९ मध्ये विस्कॉन्सिननं बेनेट कायदा करून खाजगी शाळांतही मुख्य विषय इंग्रजीत शिकवायची सक्ती केली. त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे जर्मन कॅथलिक आणि जर्मन लुथरन एक झाले, पुढच्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर विल्यम होर्ड यांना पाडलं आणि १८९१ मध्ये तो कायदा रद्द झाला.

पहिल्या महायुद्धात वारं फिरलं. आपल्या आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी २३ मे १९१८ रोजी जाहीरनामा काढला : शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, सार्वजनिक जागी, इतकंच काय टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोलायचं. स्कॉट काउंटीत फोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाला. हायवी या किराणा दुकानाच्या रांगेत उभं राहून आईशी मराठीत बोलताना मला हे आठवतं.

शेजारच्या नेब्रास्कानं १९१९ मध्ये कायदाच केला की आठवी पास होईपर्यंत मुलाला परकी भाषा शिकवायची नाही, खाजगी शाळेतसुद्धा. हॅम्प्टन नावाच्या खेड्यातल्या झायन लुथरन शाळेनं त्यावर तोड काढली. दुपारची सुट्टी अर्ध्या तासानं वाढवली आणि एक ते दीड त्या 'सुट्टीत' रॉबर्ट मायर हे शिक्षक मुलांना जर्मन वाचायला शिकवू लागले. सुट्टी म्हणजे शाळा नव्हे, असा युक्तिवाद. २५ मे १९२० रोजी काउंटीचे सरकारी वकील वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. एक दहा वर्षांचा मुलगा जर्मन बायबलकथा वाचत होता. मायर यांना पुस्तक मिटता आलं असतं. त्यांनी वाचन चालू ठेवलं. पंचवीस डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरला नाही, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ४ जून १९२३ रोजी निकाल लागला : शिक्षकाला ती भाषा शिकवण्याचा आणि आई-बापाला आपल्या मुलाला ती शिकवून घेण्याचा हक्क आहे. आपल्या आयोवातल्या ब्रेमर काउंटीच्या एका लुथरन शिक्षकाचा असाच खटला त्याच दिवशी तसाच सुटला.

रविवारी लायब्ररीच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आपण मराठी शाळा भरवतो. 'क' ला काना 'का' घोकणाऱ्या त्या पोरांच्या पाठीशी हॅम्प्टनच्या या मास्तरांचा खटला उभा आहे. म्हणून गावातल्या लुथरन शाळेवरून जाताना "कट्टर दिसतात" असं सहज म्हणून टाकणाऱ्या आपल्या मंडळींचा मला राग येतो.

आधुनिक जगापासून दूर राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचंही तेच. १९६५ च्या नोव्हेंबरात हेझल्टनजवळ त्यांच्या मुलांना सक्तीनं गावच्या शाळेत न्यायला अधिकारी बस घेऊन आले, तेव्हा मुलं शाळेतून धावत सुटली आणि मक्याच्या शेतात शिरली. तो फोटो देशभर गेला. दोन वर्षांनी आयोवानं त्यांना कायद्यात सूट दिली. विस्कॉन्सिनच्या न्यू ग्लॅरस इथल्या तीन अमिश बापांचा, मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठवल्याबद्दलच्या पाच-पाच डॉलर दंडाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये तेही जिंकले.

आता पैशाकडे येतो, कारण ग्रुपवरची खरी गाडी तिथेच अडते.

या कॅथलिक शाळा इतकी वर्षं स्वस्तात चालल्या त्या नन्सच्या जिवावर. त्या शिकवायच्या, कॉन्व्हेंटात राहायच्या आणि पगार नावापुरता घ्यायच्या. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ५२ लाखांवर मुलं होती. आज १७ लाखांच्या आसपास आहेत. नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, शेतीतली कुटुंबं लहान झाली, तरुण शहराकडे गेले. तरी गावोगावी शाळा टिकल्या त्या लोकांच्या अंगमेहनतीवर. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, एखाद्या शुक्रवारी शाळेच्या जिममध्ये फिश फ्रायला जाऊन बघा. मागच्या दाराशी टोप्या घातलेले सत्तरीतले बाप्ये तेलाच्या कढयांवर उभे, माशाचा एक-एक घाणा काढतायत. आठवीची मुलं ट्रे घेऊन टेबलांमधून पळतायत. मुख्याध्यापिका दारात गल्ल्यावर. कोलस्लॉ कुणाच्या आजीनं घरून टबभर करून आणलेलं. बाजूच्या टेबलावर गोधडीच्या सोडतीची तिकिटं. गावातले लुथरन येतात, मेथडिस्ट येतात, पब्लिक शाळेचे कोच येतात. आपण तेवढे जात नाही, कारण "आपण शाकाहारी". चीज पिझ्झा असतो हो. मॅकरोनी असते. जाऊन बसा.

२४ जानेवारी २०२३ रोजी गव्हर्नर किम रेनल्ड्स यांनी सही केली आणि हे अर्थकारण पालटलं. एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'ईएसए' म्हणतो ते. पब्लिक शाळेतल्या एका मुलामागे राज्य जेवढे पैसे धरतं, तेवढे तुमच्या मुलाच्या खात्यात जमा होतात आणि तुम्ही ते मान्यताप्राप्त खाजगी शाळेच्या फीसाठी वापरता. २०२४-२५ मध्ये ही रक्कम ७,८२६ डॉलर होती. पहिल्या वर्षी १६,७५७ मुलांनी लाभ घेतला, त्यातली बहुसंख्य आधीपासूनच खाजगी शाळांत होती. उत्पन्नाची अट टप्प्याटप्प्यानं सैल होत २०२५-२६ पासून पुरती गेली. म्हणजे डियरचा इंजिनिअर आणि सर्जन दोघंही पात्र.

याला विरोध करणारे फक्त डेमोक्रॅट होते असं समजू नका. २०२१ आणि २०२२ मध्ये ही योजना अडली ती ग्रामीण भागातल्या रिपब्लिकन आमदारांमुळे. त्यातल्या काहींविरुद्ध गव्हर्नरबाईंनी जून २०२२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, स्वतः प्रचार केला, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. त्या आमदारांचं म्हणणं साधं होतं : राज्याच्या ९९ पैकी चाळीसेक काउंट्यांत खाजगी शाळाच नाही, तिथल्या शेतकऱ्याच्या पोरानं हे पैसे कुठे वापरायचे?

आणि जिथे शाळा आहे तिथे काय होतं? पब्लिक शाळेचा पट १ ऑक्टोबरला मोजतात आणि त्यावर पुढच्या वर्षाचे पैसे ठरतात. समजा गावातून दहा मुलं गेली. ती एकाच वर्गातून गेली असती तर एक शिक्षक कमी करून भागलं असतं. पण जातात ती प्रत्येक इयत्तेतून एखाद-दुसरं. वर्ग तेवढेच राहतात, शिक्षक तेवढेच, बसचे फेरे तेवढेच, बॉयलरचं बिलही तेवढंच. दहा मुलांचे पैसे मात्र गेलेले असतात. ईएसए घेणाऱ्या प्रत्येक मुलामागे त्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळाला, बाराशेच्या आसपास डॉलर मिळतात हे खरं, पण तेवढ्यानं खड्डा भरत नाही. मग आधी संगीताचे सर अर्धवेळ होतात, नंतर स्पॅनिश ऑनलाइन होतं, आणि शेवटी शेजारच्या गावाशी एकत्रीकरणाची बैठक लागते.

ते एकत्रीकरण म्हणजे काय, हे मला एका शाळेच्या नावावरून कळलं. मार्शलटाउनच्या उत्तरेला एक डिस्ट्रिक्ट आहे, बीसीएलयूडब्ल्यू. बीमन, कॉनरॅड, लिस्कॉम, युनियन, व्हिटन. एकेक शाळा बंद होत गेली, प्रत्येक गावाच्या वाट्याला नावात एकेक अक्षर उरलं. १९०० च्या सुमारास आयोवात एकशिक्षकी शाळा बारा हजारांवर होत्या. आज सगळे मिळून सव्वातीनशेच्या घरात डिस्ट्रिक्ट आहेत. आपल्यातले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून इथवर आलेत. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करायचं २०२३ मध्ये निघालं, तेव्हा ह्याच ग्रुपवर किती हळहळ चालली होती! इथल्या कमी पटाबद्दल मात्र आपण हूं की चूं करत नाही, उलट त्यात भर घालतो आणि इमोजी टाकतो.

तुम्ही म्हणाल, सरकारनं धार्मिक शाळेला पैसे देण्यात एवढं काय? महाराष्ट्रात वसईपासून अहिल्यानगरपर्यंत कितीतरी मिशनच्या शाळा अनुदानित आहेतच की. आहेत. आणि माझा मुद्दाही तोच आहे. तिथे सरकार शिक्षकांचा पगार देतं, त्याबरोबर संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक ते सरकारनं ठरवणं, येते, शिक्षकाची पात्रता आणि मान्यता येते, फीवर अंकुश येतो. घटनेच्या कलम २८ नुसार अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. पेलाच्या लोकांचे पूर्वज ज्या नेदरलँड्समधून आले त्या देशानं १९१७ मध्ये घटना बदलून धार्मिक शाळांना सरकारीइतकेच पैसे द्यायचं ठरवलं, तेही तपासणी आणि दर्जाच्या अटींसकट. आयोवाच्या कायद्यात याच्या उलट लिहिलंय : या पैशामुळे खाजगी शाळेवरचा सरकारचा अधिकार वाढत नाही. कुणाला घ्यायचं, फी किती वाढवायची, हे शाळेनं ठरवायचं. मला अनुदान मान्य आहे, पैसे घेऊन दार आपल्या मर्जीनं उघडझाप करणं मान्य नाही. आमदार बदलतील तेव्हा बदलतील, तोवर निदान आपल्याला माहीत असू द्या की आपण कशावर सही करतोय.

आणखी एक गोष्ट, जी विचारायचं कुणालाच सुचत नाही. मुलाला स्पीच थेरपी लागत असेल, वाचनात अडचण असेल, ऑटिझम असेल, तर पब्लिक शाळेवर त्याला योग्य शिक्षण द्यायचं कायदेशीर बंधन आहे; त्याचा लेखी आराखडा, आयईपी, हा त्याचा हक्क असतो. आपण होऊन खाजगी शाळेत घातलेल्या मुलाला तो वैयक्तिक हक्क राहत नाही. काही सेवा मिळतात, त्या उपलब्धतेप्रमाणे. आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे शाळा बदलल्यावर तीन महिन्यांनी कळलं. शाळेत घालायच्या आधी हा प्रश्न थेट मुख्याध्यापकांना विचारा, आणि उत्तर ई-मेलवर मागा.

पब्लिक शाळेत धर्म नसतो म्हणून तिथे पोरं बिघडतात, असं आपल्यातल्या काही काका-काकूंना वाटतं. त्यांच्यासाठी फेअरफील्डची गोष्ट. दक्षिण आयोवातलं हे जेमतेम दहा हजारांचं गाव. तिथलं पार्सन्स कॉलेज १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघालं, महर्षी महेश योगींच्या संस्थेनं पुढच्याच वर्षी ती जागा घेऊन आपलं विद्यापीठ आणलं, नंतर मुलांची शाळाही काढली. तिथे ध्यान हा रोजच्या दिवसाचाच भाग असतो आणि कुणाची हरकत नाही, कारण शाळा खाजगी आहे. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत मात्र याच ध्यानाचा ऐच्छिक कोर्स सुरू झाला तेव्हा पालक कोर्टात गेले, आणि १९७९ मध्ये फेडरल अपील कोर्टानं तो धर्म ठरवून बाहेर काढला. सरकारी शाळेतून धर्म बाहेर ठेवायचा तर सगळ्यांचा, आपलाही. ज्या भिंतीमुळे धाकट्याच्या वर्गात त्याला कुणी येशूची प्रार्थना म्हणायला लावत नाही, तीच भिंत ही. मला ती हवी आहे.

तर नाव कुठे घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला सांगायचंय ते एवढंच, की कॅथलिक शाळेत घातलंत तर त्यांच्या घरात पाहुण्यासारखे नीट वागा : मिस्साला मुलाला पाठवू नका असा हट्ट धरू नका, फिश फ्रायला भांडी घासायला उभे राहा, दिवाळीला वर्गात पणत्या घेऊन जायची परवानगी मागा. आम्ही मागितली, मिळाली, आणि त्या दिवशी चकल्या पुरल्या नाहीत. ईएसए घेतलंत तर तेही उजळ माथ्यानं घ्या, पण त्याच महिन्यात पब्लिक शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला एकदा जाऊन बसा. मीटिंग खुली असते, अजेंडा आधी लावलेला असतो, आणि सुरुवातीला बहुतेक ठिकाणी लोकांना दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं. तिथे नागरिकत्व कुणी विचारत नाही. गावातल्या प्रॉपर्टी टॅक्समधला मोठा हिस्सा त्या शाळेला जातो, म्हणजे मूल कुठेही असलं तरी पैसे तुमचे आहेतच.

शाळा बोर्डाची निवडणूक इथे विषम वर्षी नोव्हेंबरात होते. पुढची २०२७ मध्ये. छोट्या गावांत या निवडणुकीला मतदान इतकं कमी होतं की आपल्यासारखी पाच-सहा घरं एकत्र आली तर निकालाला धक्का लागू शकतो, आणि कित्येकदा एखाद्या जागेसाठी उमेदवारच नसतो. ज्यांनी शपथ घेऊन नागरिकत्व मिळवलंय त्यांनी मतदारयादीत नाव आहे का ते आजच बघा. ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत अडकलंय त्यांनी मीटिंगला या. मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसतो, कॉफी तिथेच असते, पण ती पातळ असते, थर्मास घरून आणा.

आपला,
पूर्व आयोवातला एक मराठी बाप